गोष्ट काढून टाकू नका, आणि नसलेली घालूही नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य क्लासिकल संगीत कसं ऐकायचं यावर मोठा लेख आला होता तो मी दोनदा वाचला. आवडला पण, कारण या विषयावर मराठीत मुळात फार कमी लिहिलं जातं आणि लेखकाचं या संगीतावर मनापासून प्रेम आहे हे ओळीओळीत कळत होतं. पण त्यातला एक सल्ला मला काही केल्या पटला नाही, आठवडाभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून हे पत्र. सल्ला असा की हे संगीत ऐकायला काहीच माहीत असायची गरज नाही, नाव नको, गोष्ट नको, डोळे मिटायचे आणि सुरांबरोबर वाहत जायचं. आणि त्याच लेखात पुढे बीथोवनच्या 'मूनलाइट' सोनाटावर (पियानोसाठीची एक रचना) लिहिताना मात्र रात्र, तळं, पाण्यावरचं चांदणं, एकटा बसलेला संगीतकार असं अख्खं चित्र रंगवलेलं. म्हणजे जिथे संगीतकाराने स्वतःच्या हाताने गोष्ट लिहून ठेवलीय तिथे ती वाचायची नाही आणि जिथे त्याने चांदण्याचं एक अक्षर लिहिलेलं नाही तिथे आपण पदरची घालायची. माझं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे. जे त्याने दिलंय ते काढू नका, जे दिलेलं नाही ते घालू नका, आणि जे त्याने देऊन परत घेतलं तेही वाचकाला सांगा. बास एवढंच, पण उदाहरणं दिल्याशिवाय यात काही अर्थ नाही म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

विवाल्दी या इटालियन संगीतकारापासून सुरू करतो, कारण त्याच्या 'फोर सीझन्स'ला त्या लेखात जेमतेम दीड ओळ मिळाली होती. हे संगीत मी कित्येक वर्षं फोन होल्डवर ठेवला की, लिफ्टमध्ये, जाहिरातीत ऐकत आलो, चाल तोंडपाठ होती आणि मला वाटायचं की छान आहे, प्रसन्न आहे, विषय संपला. मग कधीतरी वाचनात आलं की १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला हे चार कॉन्सर्टो (सोलो वाद्य आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशा रचना, एकेका ऋतूची एकेक) छापून निघाले तेव्हा प्रत्येकाबरोबर एकेक सुनीत छापलेलं होतं, इटालियनमध्ये, चौदा ओळींचं, आणि ते नुसतं शोभेला पुढे जोडलेलं नव्हतं, सुनीतातल्या ओळींना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली आणि तीच अक्षरं नोटेशनमध्ये ती ओळ जिथे वाजते त्या जागी टाकलेली. म्हणजे वाजवणाऱ्याला कळावं की इथे पक्षी, इथे झरा, इथे वीज कडाडली, आता परत पक्षी.

आता 'स्प्रिंग'मधली दुसरी, संथ मूव्हमेंट (म्हणजे रचनेचा एक भाग) घ्या. एक शेळ्या राखणारा माणूस झाडाखाली झोपलाय आणि शेजारी त्याचा कुत्रा. सोलो व्हायोलिन म्हणजे तो झोपलेला माणूस, बाकीची व्हायोलिनं अगदी हळू झुलत राहतात ती पानांची सळसळ, आणि त्या सगळ्या शांततेत व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुरातलं वाद्य) मात्र सतत दोन-दोन सूर जोरात मारत राहतात. तिथे विवाल्दीने नोटेशनमध्येच लिहून ठेवलंय, भुंकणारा कुत्रा! आणि सूचना अशी की हे पूर्ण वेळ खूप जोरात आणि तोडल्यासारखं वाजवायचं. चेलो, डबल बेस, हार्प्सिकॉर्ड या मूव्हमेंटमध्ये पूर्ण गप्प आहेत, म्हणजे खालच्या बाजूला तुम्हाला ऐकू येतो तो फक्त कुत्रा. हे कळल्यावर मी परत ऐकलं आणि खरं सांगतो, जे इतकी वर्षं नुसतं गोड वाटत होतं त्यात एकदम ऊन पडलं, माणूस आला, झाड आलं. आणि मग हेही लक्षात यायला लागलं की काही रेकॉर्डिंगमध्ये व्हायोला बिचकत, हळू, सभ्यपणे वाजवतात, कारण नुसतं सुरांच्या दृष्टीने बघितलं तर ते जोरात वाजवणं कानाला खटकतं. गोष्ट काढून टाकली की कुत्रा चूक वाटायला लागतो आणि मग ती चूक सुधारली जाते, म्हणजे वाजवणंच बदलतं, फक्त ऐकणं नाही. 'विंटर'मध्ये पण तेच, ती मधली सुंदर संथ चाल म्हणजे घरात शेकोटीपाशी निवांत बसलेला माणूस आणि खालून तारा बोटांनी खुडून जे टपटप वाजतं तो बाहेरचा पाऊस. आत ऊब आणि बाहेर पाऊस हे दोन्ही एका वेळी ऐकायचंय, नुसती चाल ऐकली तर अर्धीच मूव्हमेंट ऐकली.

आणि हा प्रकार काही विवाल्दीने शोधून काढलेला नाही हेही सांगायला हवं, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, १६७३ मध्ये, बीबर या संगीतकाराने लढाईवर एक तुकडा लिहिला त्यात दारू प्यायलेले सैनिक आठ वेगवेगळी गाणी एकाच वेळी म्हणतात आणि सगळं एकमेकांवर आदळतं, आणि लष्करी ढोलाचा आवाज यावा म्हणून मोठ्या तंतुवाद्याच्या तारांमध्ये कागद अडकवायला सांगितलाय. आता कोणी न सांगता ती गाण्यांची गर्दी ऐकली तर माणूस म्हणणार की वादक चुकले. ते चुकलेले नाहीत, सैनिक प्यालेत.

बीथोवनने काय केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्याची सहावी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), 'पॅस्टोरल', २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, त्याच रात्री पाचवीही पहिल्यांदाच वाजली, थंडीत चार तास लोक बसले होते. पाच मूव्हमेंट आणि प्रत्येकीला त्याने स्वतः नाव दिलंय, खेड्यात पोचल्यावर मनात जागा होणारा आनंद, ओढ्याकाठी, गावकऱ्यांची मजा, वादळ, आणि वादळानंतरची कृतज्ञता. आणि वर एक खुलासा पण करून ठेवलाय की हे चित्र काढण्यापेक्षा भावना व्यक्त करणं जास्त आहे. म्हणजे किती ऐकायचं याची हद्दसुद्धा त्यानेच आखून दिली. तरीपण ओढ्याच्या मूव्हमेंटच्या शेवटी तीन पक्षी आहेत आणि त्यांची नावं त्याने नोटेशनमध्ये लिहिलीत, फ्लूटला नाइटिंगेल, ओबोला लाव्हा पक्षी, क्लॅरिनेटला कोकीळ. वादळात चेलो पाच-पाच सुरांचे गट वाजवतात त्याच वेळी डबल बेस चार-चारचे, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत आणि त्यातून सूर न कळणारी नुसती गडगड तयार होते. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, सबंध सिम्फनीत फक्त या एका मूव्हमेंटमध्ये वाजतात, म्हणजे तीन मूव्हमेंट वादक हातावर हात ठेवून बसलाय, ढग येईपर्यंत.

आता फ्रेंच संगीतकार बर्लिओझ, कारण खरा प्रसंग इथला आहे आणि तोच सांगायला मी लिहायला बसलो. 'सिम्फनी फँटास्टिक' पॅरिसमध्ये ५ डिसेंबर १८३० ला पहिल्यांदा झाली, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्याने १८२७ मध्ये हॅरिएट स्मिथसन या आयरिश नटीला ऑफेलियाच्या भूमिकेत पाहिलं होतं आणि पार वेडा झाला होता तिच्यासाठी. सिम्फनीची गोष्ट त्याने स्वतः लिहिली. एक तरुण संगीतकार, हळवा, एका मुलीवर जीव जडलेला, आणि ती मुलगी म्हणजे एक चाल, तो तिला 'इदे फिक्स' म्हणतो, म्हणजे डोक्यातून न जाणारा विचार. पहिल्या मूव्हमेंटमध्ये फ्लूट आणि व्हायोलिन ती चाल एकत्र वाजवतात आणि मग ती पाचही मूव्हमेंटमध्ये परत परत येते, नाचाच्या गर्दीत दिसते, माळरानावर आठवते. माळरानाच्या मूव्हमेंटच्या सुरुवातीला दोन गुराखी एकमेकांना साद घालतात, एक स्टेजवर (कोर आंग्लेवर, म्हणजे ओबोच्या खालच्या सुरातल्या मोठ्या भावंडावर) आणि एक आडून, ओबोवर. शेवटी स्टेजवरचा परत साद घालतो आणि समोरून उत्तर येत नाही, उत्तर येतं ते लांबवर गडगडणाऱ्या ढगांचं, त्यासाठी चार माणसं टिंपनीवर बसवलीत. मला हा अख्ख्या सिम्फनीतला सगळ्यात एकाकी क्षण वाटतो आणि इतक्या मोठ्या ऑर्केस्ट्राला असं गप्प बसवायला धाडस लागतं. चौथ्या मूव्हमेंटमध्ये त्याने अफू घेतलीय आणि त्याला स्वप्न पडतं की आपण तिचा खून केला आणि आपल्याला वधस्तंभाकडे नेतायत. मार्च वाजतो, दणकेबाज, आणि अगदी शेवटी सगळं थांबतं आणि एकटं क्लॅरिनेट ती चाल सुरू करतं, तिची शेवटची आठवण. चारच बार (तालाची छोटी आवर्तनं) होतात आणि अख्खा ऑर्केस्ट्रा एक घाव घालतो. गिलोटीन. नंतर तारा खुडल्याचे दोन-तीन आवाज, ते डोकं खाली पडल्याचे, आणि मग ड्रमचा गडगडाट.

ही सिम्फनी मी एकदा प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकली. ऑर्केस्ट्रा चांगला होता, मेहनत दिसत होती. पण हातात जो छापील कागद दिला त्यावर सिम्फनीचं नाव आणि कंडक्टरची माहिती, बाकी गोष्ट तर सोडाच, पाच मूव्हमेंटची नावंसुद्धा नव्हती. माझ्या शेजारी एक कॉलेजमधली मुलगी होती, ती पूर्ण मन लावून ऐकत होती, आणि चौथी मूव्हमेंट संपली तशी अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, ते शेवटी एकच क्लॅरिनेट मधेच का वाजलं हो? कोणाची एंट्री चुकली का?" मला इतकं वाईट वाटलं! चार बारमध्ये त्या माणसाने आपलं सगळं प्रेम आणि मरण ठेवलंय आणि ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं ते कुणाची तरी चूक म्हणून, तेही लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलीपर्यंत. मी तिला टाळ्या चालू होत्या तेवढ्या वेळात दोन वाक्यांत सांगितलं की ती चाल म्हणजे त्याचा जीव जडलेली मुलगी, ती आठवली आणि मान उडवली, आणि आता पुढे तीच मुलगी चेटकिणींच्या नाचात येणार आहे ती नीट ऐक. पाचवी मूव्हमेंट सुरू झाली, घंटा, अंत्यविधीची ती जुनी चाल 'डीएस इरे' हे सगळं यायच्या आधीच तीच चाल छोट्या, कर्कश क्लॅरिनेटवर वाकडीतिकडी उड्या मारत आली आणि त्या मुलीने माझा हात घट्ट धरला. ओळखली तिने. दोन वाक्यं लागली फक्त.

आणि बर्लिओझने तर हे सगळं आपल्या हातात आयतं दिलेलं होतं. त्याने ही गोष्ट मे १८३० मध्ये, म्हणजे सिम्फनी वाजायच्या आधी, पॅरिसच्या 'फिगारो' या वर्तमानपत्रात छापून आणली होती आणि कार्यक्रमात कागद वाटले. पुढे १८५५ च्या आवृत्तीत त्याने स्वतःच सवलत दिली की सिम्फनी एकटी वाजवत असाल तर गोष्ट वाटली नाही तरी चालेल, पण मूव्हमेंटची नावं तरी द्या. तीही देत नाहीत! ॲपवर तर अजून वाईट अवस्था आहे, तिथे चौथी मूव्हमेंट एकटीच कुठल्यातरी जोशपूर्ण संगीताच्या प्लेलिस्टमध्ये टाकलेली असते. पहिली ऐकलीच नाही तर ती चाल ओळखीची कशी होणार, आणि ओळखीचीच नसेल तर ती तुटल्याचं दुःख कुठून होणार.

यावर नेहमी जे म्हटलं जातं ते मला माहीत आहे, की संगीत हे संगीत म्हणूनच उभं राहायला पाहिजे, गोष्टीच्या कुबड्या कशाला. हा वाद जुना आहे. १८५४ मध्ये व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्द हान्स्लिक याचं पुस्तक आलं, त्याचं म्हणणं की संगीतात असतात ते हलते सुरेल आकार, बाकी काही नाही, आणि त्याच वर्षी फ्रान्झ लिस्ट वायमारमध्ये आपल्या एका मूव्हमेंटच्या ऑर्केस्ट्रा रचनांना 'सिम्फॉनिक पोएम' हे नाव देत होता. हान्स्लिकला मी हसण्यावारी नेत नाही, त्याच्या म्हणण्यात दम आहे. संगीत स्वतःहून नाव-गाव सांगू शकत नाही हे अगदी खरं आहे. शूमानसारखा माणूस, स्वतः इतका मोठा संगीतकार, त्याने मेंडेल्सनची तिसरी सिम्फनी इटलीची समजून तिच्यावर लिहिलं आणि त्यात इटलीची कशी छान आठवण होते ते सांगितलं, आणि ती निघाली स्कॉटलंडची! शूमानचा कान खराब होता का? मुळीच नाही. सुरांमध्ये स्कॉटलंड असं लिहिलेलं नसतं एवढाच त्याचा अर्थ. पण यातून लोक म्हणतात की म्हणून गोष्ट फालतू, आणि मला वाटतं की म्हणूनच गोष्ट लागते, कारण सूर जे सांगू शकत नाहीत तेवढंच ती सांगते आणि बाजूला होते. लिस्टने प्रोग्रॅम या शब्दाची जी व्याख्या केली ती मला फार आवडते, त्याच्या मते ती संगीतकाराने जोडलेली प्रस्तावना असते, ऐकणाऱ्याने भलताच अर्थ लावू नये म्हणून आणि मूळ कल्पनेकडे त्याचं लक्ष जावं म्हणून. भलताच अर्थ लावू नये म्हणून, हे महत्त्वाचं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर लिस्टचंच उदाहरण माझ्या विरुद्ध जातं. त्याची 'ले प्रेल्युद' लामार्तीन या फ्रेंच कवीच्या कवितेवर म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातलं बरंचसं संगीत मुळात चार महाभूतांवरच्या एका समूहगीतांच्या मालिकेसाठी केलेलं होतं, कविता मागाहून आली. तरीपण मी म्हणेन की ती त्याने स्वतः निवडली आणि स्वतःच्या नावाने छापली, तर ती त्याची.

आता ज्यांनी दिलेलीच नाही त्यांच्याकडे येऊ. बीथोवनचा तो सोनाटा १८०१ चा, त्याने वर लिहिलंय 'जवळजवळ फँटसीसारखा' एवढंच. चांदणं हे लुडविग रेलश्टाब या समीक्षकाच्या डोक्यातून आलं, त्याला ल्युसर्नच्या तळ्यावरचं चांदणं आठवलं. त्याला आठवलं तर काही बिघडत नाही, कोणालाही काहीही आठवू शकतं. पण ते नाव एकदा चिकटलं आणि आता लोक पहिली मूव्हमेंट चांदण्यासारखी मऊ ऐकतात आणि तिसरी सुरू झाली की दचकतात, कारण तिथे चांदणं कुठे बसवायचं कळत नाही. शोपँच्या 'रेनड्रॉप' प्रेल्यूडचं (पियानोची छोटी रचना) तेच, नाव त्याचं नाही, आणि त्याची जोडीदार, लेखिका जॉर्ज सँड हिने लिहून ठेवलंय की तिने पावसाच्या थेंबांची नक्कल असं काहीतरी म्हटलं तर तो चिडला होता. ज्या माणसाला जिवंतपणी पाऊस नको होता त्याच्या संगीतावर आपण त्याच्या मागे पाऊस पाडतोय.

देब्युसीने यावर काय सुंदर तोडगा काढला बघा. त्याचे पियानोचे २४ प्रेल्यूड दोन खंडांत आले, पहिला १९१० आणि दुसरा १९१३, आणि प्रत्येकाचं नाव त्याने शेवटी छापलंय, सगळं संगीत संपल्यावर, खाली, कंसात, आधी तीन टिंबं देऊन. म्हणजे आधी वाजव, आधी ऐक, तुझ्या मनात काय येतं ते येऊ दे, आणि मग मी हळूच सांगतो की माझ्या मनात पाण्यात बुडालेलं कॅथीड्रल होतं. किती नाजूक सुचवणं आहे हे. आणि आपण काय करतो, प्रत्येक ॲपवर, प्रत्येक सीडीवर, प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर ते नाव ठसठशीत वर टाकतो. इथे मात्र मी त्या लेखकाशी शंभर टक्के सहमत आहे की आधी डोळे मिटून ऐका, कारण इथे खुद्द संगीतकार तसं म्हणतोय. रिम्स्की-कोर्साकोव्हने 'शेहेराझाद'च्या (१८८८) चारही मूव्हमेंटना गोष्टींची नावं दिली होती ती नंतर काढून टाकली, त्याला फक्त इशारा हवा होता, बाकी ऐकणाऱ्यावर सोपवायचं होतं. माहलरने पहिली सिम्फनी आधी 'टायटन' नावाने आणि सविस्तर वर्णनासकट सादर केली आणि १८९६ मध्ये ते सगळं मागे घेतलं. तरी अजून 'टायटन' छापतात. निदान एक ओळ तरी द्या की बाबांनो हे नाव त्याने नको म्हटलं होतं.

आणखी एक प्रकार आहे तो फार कोणाच्या लक्षात येत नाही, गोष्ट न काढता न घालता नुसती बदलली जाते. मुसोर्गस्कीचा मित्र व्हिक्टर हार्टमान, चित्रकार आणि आर्किटेक्ट, १८७३ मध्ये तरुण वयातच गेला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं ते बघून मुसोर्गस्कीने पियानोसाठी 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' लिहिलं. त्यात एक बैलगाडीचं चित्र आहे, पोलिश शब्द 'बिद्वो', म्हणजे गुरं, अवजड चाकांची गाडी. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात हा तुकडा पहिल्या सुरापासून प्रचंड जोरात आहे, गाडी एकदम तुमच्या अंगावरच, काही प्रस्तावना नाही, आणि मग ती लांब जात जात विरते. तो वारल्यावर १८८६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हने छापताना सुरुवात हळू केली, म्हणजे गाडी आता लांबून येते, जवळ येते, निघून जाते. राव्हेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी केलं ते याच आवृत्तीवरून, आणि जगभर बहुतेकांनी ऐकलेली गाडी ही लांबून येणारीच गाडी आहे. राव्हेलचं काम अप्रतिम आहे, ती ट्यूबावरची (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) चाल ऐकताना गाडीचं वजन छातीवर जाणवतं, मला ते कमी करायचं नाहीये. पण लांबून येणारी गाडी आपण रस्त्याकडेला उभे राहून बघतो आणि मुसोर्गस्कीची गाडी आपल्याला बघायला वेळच देत नाही. एक खूण बदलली, खूप जोरात याच्या जागी हळू, आणि ऐकणारा कुठे उभा आहे तेच बदललं. मूळ पियानोवरचं एकदा जरूर ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते पहिल्या सेकंदाला कळेल.

एक उदाहरण असं आहे ज्याने मी स्वतः अजून अस्वस्थ होतो. पेंडेरेत्स्कीने १९६० च्या सुमाराला ५२ तंतुवाद्यांसाठी एक रचना केली, त्यात वाद्यं अक्षरशः किंचाळतात, नेहमीचे सूर जवळजवळ नाहीतच. तिचं नाव होतं 'आठ मिनिटं सदतीस सेकंद', म्हणजे नुसती लांबी. प्रत्यक्ष वाजलेली ऐकल्यावर त्यालाच तिच्यातली भावना जाणवली आणि मग त्याने नाव दिलं 'हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत'. सूर सगळे तेच. आता ते ऐकताना हिरोशिमा सोडून दुसरं काही मनात येऊच शकत नाही, आणि ही गोष्ट आधी नव्हती हे कळल्यावर मला काही दिवस फसल्यासारखं वाटलं. मग असं वाटलं की तो स्वतः पहिला ऐकणारा होता आणि त्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, त्यात खोटं काही नाही. पण दोन्ही नावं वाचकाला माहीत असावीत असं मला वाटतं.

कोणी म्हणेल की एवढं सगळं वाचून ऐकायचं म्हणजे कल्पनेला वाव काय राहिला. मला तसा अनुभव नाही. सँ-साँसच्या 'डान्स माकाब्र'मध्ये (१८७४) हार्प बारा वेळा एकच सूर वाजवते ते मध्यरात्रीचे ठोके, हे कळल्यावर माझी कल्पना बंद पडली नाही, उलट बाराव्या ठोक्यानंतर जे होतं त्याची वाट बघायला लागली, आणि मृत्यू जे व्हायोलिन वाजवतो त्याची वरची तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवून लावलेली असते म्हणून ते इतकं विचित्र, बेचैन करणारं वाजतं, हे कोणी सांगितलं नसतं तर मला फक्त बेचैनी कळली असती. रात्र किती काळी, हाडं किती, स्मशान कसलं, हे सगळं माझं मलाच भरायला लागतं.

तर संपादक साहेब, विनंती अशी. यापुढे या संगीतावर काही छापाल तेव्हा लेखासोबत एक छोटी चौकट द्या, संगीतकाराने स्वतः काय लिहून ठेवलंय एवढंच त्यात, त्याच्या शब्दांचं साधं मराठी, आपलं विशेषण एकही नको. विवाल्दीचं असेल तर सुनीताचा अनुवाद, बर्लिओझचं असेल तर त्याची गोष्ट, काहीच लिहिलेलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. पॅरिसच्या वर्तमानपत्राने १८३० मध्ये हे केलं होतं, जागा किती लागते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सुरुवात चेक संगीतकार स्मेतानाच्या पहिल्या क्वार्टेटपासून (चार वाद्यांची रचना) करा अशी माझी मनापासून इच्छा आहे. १८७६ चं आहे, नाव त्याचंच, 'माझ्या आयुष्यातून', दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. दोन वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, त्याला ऐकू येणं पूर्ण बंद झालं होतं, 'व्हल्टावा' ही नदीवरची त्याची प्रसिद्ध रचना सुद्धा त्याने त्यानंतरच लिहिली, म्हणजे ती त्याने कानांनी कधी ऐकलीच नाही. क्वार्टेटच्या शेवटच्या मूव्हमेंटमध्ये सगळे आनंदात, नाचाच्या लयीत चाललेले असतात आणि एकदम थांबतात, खाली बाकीची वाद्यं थरथरायला लागतात आणि वर पहिलं व्हायोलिन एकच खूप उंच, बारीक, लांब सूर धरतं. ई हा सूर. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की बहिरेपण येताना माझ्या कानात जे वाजायला लागलं ते हे. चौकटीत तेवढं एक वाक्य द्या.

आपला नियमित वाचक